चला आजोबा, जेवायला चला

दोंग मोक गावात डुकराला डुक्कर म्हणत नाहीत. म्हणजे बाजारातल्या, खाटकाकडच्या, शेजाऱ्याच्या डुकराला खुशाल म्हणा. पण गावदेवाच्या नावानं वर्षभर सांभाळायला काढलेलं जे असतं, त्याला आजोबाच म्हणायचं. आजोबा जेवले, आजोबा झोपले, आजोबांना जरा सर्दी झालीय. कुणाची जीभ घसरली तर त्यानं तिथल्या तिथे उदबत्ती लावून माफी मागायची. हसायचं असेल तर हसा बापडे. बाहेरून आलेली सून पहिल्या वर्षी हसते आणि दुसऱ्या वर्षी तीच आजोबांची मच्छरदाणी शिवत बसते.

त्या वर्षी आजोबा ख्वेच्या घरी होते. हा मान ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. घर भरलेलं लागतं. नवराबायको दोघं धडधाकट हवीत, मुलगाही हवा, मुलगीही हवी, वर्षभरात सुतक नको. ख्वेकडे हे सगळं होतं, तरी इतकी वर्षं त्यानं कधी नाव दिलं नव्हतं. दिलं ते सुनेपायी. लुआ, त्याच्या तोआनची बायको, दोनदा पोटुशी राहिली आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या खेपेनंतर ती पोरगी जेवायचं ताट पुढ्यात घेऊन नुसती भिंतीकडे बघत बसायची. तेव्हा ख्वे देवळात गेला, गावदेवापुढे कपाळ टेकलं आणि म्हणाला, "वर्षभर तुझ्या आजोबांची सेवा करतो. माझ्या घरात पाळणा हलू दे."

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी लुआला दिवस गेले. नवीन वर्ष उजाडलं, फटाके वाजले, तेव्हा तिला सातवा लागला होता. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आजोबा पावले.

मान ख्वेचा होता, राबायचं मात्र थोआनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. हे काही आमच्याच गावात होतं असं नाही. तांदळाची पेज, तीत भोपळा, पिकलेली केळी कुस्करून घालायची, गार करून द्यायची. थंडीत पपनसाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घालायची. ख्वे उन्हाळ्यात दुपारचा पंखा घेऊन वारा घालायचा, तेवढं त्याचं खरं. पण तेव्हाही रस्त्याकडचं दार उघडं टाकायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं.

सकाळ-संध्याकाळ थोआ वाडगा घेऊन अंगणात उभी राहायची आणि हाक मारायची, "चला आजोबा, जेवायला चला!" की आजोबा उठलेच. ते अवाढव्य अंग सावरत, कान हलवत, खोलीचा उंबरा ओलांडून तिच्यापर्यंत यायचे. दुसऱ्या कुणी हाक मारली तर डोळासुद्धा उघडत नसत. ही सवय मुद्दाम लावायची असते. आजोबांना कधी दोरी लावायची नाही, काठी लावायची नाही. नव्या वर्षात गावदेवाच्या सणाच्या दिवशी ते आपल्या पायांनी बाहेर यायला हवेत, आणि येतात ते जिनं भरवलं तिच्या हाकेवर.

थोआचं चुकलं ते इथेच. बाकीच्या बायका तोंडानं आजोबा म्हणतात आणि मोकळ्या होतात. हिनं ते मनावर घेतलं. पावसाळ्यात आजोबांना ताप चढला, तेव्हा ती ओल्या फडक्याच्या घड्या घेऊन त्यांच्यापाशी बसून होती. आजोबांनी आपलं जड डोकं तिच्या मांडीवर टेकलं आणि एक सुस्कारा टाकला. शेवटच्या आजारात तिचे वडील टाकायचे, तस्सा. त्या संध्याकाळी पानात मिरी लावून परतलेलं डुकराचं मांस होतं, तिच्या जिवाभावाचा पदार्थ. तिला ते घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी कोंबडी होती, तीही उतरेना. मग बदक, मग मासा. प्रत्येक घासाला तिच्या मनात एकच यायचं, हेसुद्धा कुणाच्या तरी हाकेला आलं असेल.

तिनं मांसमच्छी सोडली. कुणाला सांगितलं नाही. पौर्णिमा-अमावास्येला विहारात जाऊन एक वेळ शाकाहारी जेवणाऱ्या म्हाताऱ्या गावात पुष्कळ आहेत, त्यांचं कौतुकच होतं. पण रोजच्या रोज, आणि तेही आजोबा घरात असताना? ख्वेनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पित्त झालंय." ख्वेनं मान हलवली आणि तिच्या वाटणीचं मांस आपल्या भातावर ओढून घेतलं.

लुआला मात्र कळलं. सासू भाजीत घालायच्या मासळीच्या खारट पाण्याची बाटलीसुद्धा हातात धरत नाही, कालवणदेखील सोयाबीनच्या रसात करते, हे स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या बाईच्या नजरेतून थोडंच सुटतं?

"आई, तुम्हाला पित्तबित्त काही नाही."

"हळू बोल. त्यांच्या कानावर गेलं तर घर डोक्यावर घेतील."

"पण मग सणाच्या दिवशी काय करणार तुम्ही?"

 थोआ टोफूचे तुकडे करत राहिली. लुआचा प्रश्न खोटा नव्हता. सणाला आजोबांचं डोकं शिजवून देवापुढे ठेवतात, आणि पूजा झाली की कानाची पहिली फोड त्या घरच्या बाईनं, जिनं भरवलं तिनं, सगळ्या गावासमोर खायची. तिनं खाल्ली म्हणजे तिनं आजोबांना आनंदानं दिलं. तिनं तोंड फिरवलं तर दान अर्धवट राहिलं, नवस फिटला नाही, आणि देवानं दिलेलं देव परत नेऊ शकतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

लुआनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "एकच घास आई. माझ्यासाठी."

"बघू," थोआ म्हणाली. 

सणाची सकाळ उजाडली ती भुरभुर पावसाची. अंगणात चटया अंथरल्या, लाल झेंडे लागले, ढोल आला. देवळाचे वडीलधारे फानतात्या निळा झगा आणि काळं पागोटं घालून खुर्चीवर बसले. गडी माणसं कुंपणाच्या आडोशाला थांबली. त्यांच्यापाशी काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिकडे कुणी बघत नव्हतं. पलीकडच्या गल्लीतली हाओवहिनी पान चघळत पुढेच उभी होती. काही अडचण आली तर असावेत म्हणून दरवर्षी दुसऱ्या एका घरीही आजोबा ठेवतात, ते तिच्याकडे होते.

"आमचेही आंघोळ करून तयार आहेत हं," ती म्हणाली. "सहज सांगितलं. वेळ काय सांगून येते?"

"तुझ्या तोंडात साखर पडो," ख्वे दात आवळून म्हणाला. मग बायकोकडे वळला. "अगं, मार की हाक."

थोआच्या हातात वाडगा होता. रिकामा. त्या दिवशी आजोबांचं पोट रिकामं लागतं. ती वाडगा छातीशी धरून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. तिनं मनाशी हिशेब केला होता. मी हाक मारली नाही, तर आजोबा उठणार नाहीत. आजोबा उठले नाहीत, तर वाचले. मग हाओवहिनीकडे नजर गेली आणि तिला आठवलं, हे वाचले तर ते जातील. त्यांनासुद्धा हाओवहिनीची हाक ओळखू येत असेल. 

"सूनबाई," फानतात्या थोआला म्हणाले, "मुहूर्त टळतोय."

"घसा बसलाय, तात्या."

"घसा बसलाय!" ख्वेचा आवाज चढला. "काल शेजारणीशी बोलताना बरा चालत होता!" आणि त्यानं स्वतःच तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली, "चला आजोबा, जेवायला चला!"

आजोबांनी मान उचलून बघितलं आणि पुन्हा गवतावर ठेवली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तोआननं हाक मारून पाहिली. त्याला तर आजोबांनी पाठच दाखवली. आता कुणी हसेना. ढोलवाल्यानं टिपऱ्या काखेत धरल्या. तात्या उठून उभे राहिले. "ख्वे, दान मनापासून नसेल तर तसं सांग. नवस तुझा आहे, गावाचा नाही. हाओकडचे नेऊ आम्ही."

ख्वे थोआजवळ आला. तो ओरडला असता तर तिनं सोसलं असतं. पण तो तिच्या कानाशी वाकला. "सात महिने झालेत गं," तो हलकेच म्हणाला. "आत्ता नको. आत्ता नको ना असं करूस."

तेवढ्यात दारातून लुआचा आवाज आला. "आई!"

लुआ चौकट धरून वाकली होती. तोंड पांढरंफटक. "आई, दुखतंय. पोटात दुखतंय." तोआन धावला. बायका धावल्या. कुणी म्हणालं, बसवा तिला. हाओवहिनीच्या तोंडातलं पान थांबलं. आणि लुआ कुणाकडे न बघता फक्त सासूकडे बघत होती. "आई, मारा ना हाक. तुमच्या पाया पडते. मारा ना."

थोआनं हाक मारली.

"चला आजोबा..."  तिनं वाडगा पुढे धरला. "चला आजोबा, जेवायला चला."

आजोबा उठले. कान हलवत, अंग सावरत उंबरा ओलांडून आले. एवढ्या माणसांच्या गर्दीकडे त्यांनी बघितलंही नाही, सरळ थोआपाशी आले आणि वाडग्यात तोंड घातलं. वाडगा रिकामा होता. त्यांनी तो एकदा चाटला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं.

त्यापुढचं थोआनं पाहिलं नाही. ती वाडगा घेऊन स्वयंपाकघरामागे गेली आणि कान घट्ट दाबून उकिडवी बसली. कान दाबल्यानं काय होतंय? जे ऐकू यायचं ते आलंच. मग ढोल वाजायला लागला. थोड्या वेळानं लुआ भिंतीच्या आधारानं तिच्यापाशी आली.

"थांबलं आई. दुखायचं थांबलं."

"बरं झालं," थोआ म्हणाली. ती खरंच तसं म्हणाली आणि तिला खरंच तसं वाटलं. मग तिनं रिकामा वाडगा सुनेच्या हातात दिला. "लबाडी केली मी त्यांच्याशी, लुआ. जेवायला बोलावलं आणि जेवायला काहीच नव्हतं."

लुआ त्या वाडग्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. त्याच्या कडेला अजून लाळ लागलेली होती.

दुपारी देवळात अख्खं गाव लोटलं. आजोबा फुलांनी, रंगीत कागदांनी सजून देवासमोर होते. पूजा झाली, मंत्र झाले, मोठी घंटा वाजली. थोआ जांभळा झगा घालून चटईवर बसली होती, शेजारी ख्वे, मागे तोआन आणि लुआ. एवढी माणसं, पण पागोळ्या गळताना ऐकू येत होत्या. फानतात्यांनी दोन्ही हातांनी बशी आणली. बशीत केळीचं पान, पानावर कानाची फोड. पातळ, पांढरी, कडेला बारीक केस राहिलेली.

त्याच कानामागं थोआ रोज खाजवायची.

"घे सूनबाई."

थोआनं हात जोडले. "तात्या, मला माफ करा."

"म्हणजे?"

"मी खाणार नाही."

देवळात आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि कुजबुज अशी उठली की मागच्या माणसांनी माना उंचावल्या. ख्वेनं तिचा दंड धरला. "वेड लागलंय का तुला? तोंडात घाल आणि गिळ! नंतर बाहेर जाऊन थुंक हवं तर!"

"थुंकायला नको आणि गिळायलाही नको," थोआ म्हणाली.  "पावसाळ्यापासून मी काही खात नाही. मांस नाही, मासळी नाही. पित्त नव्हतं ते. तात्या, तुम्हीच म्हणालात, आजोबा म्हण. मी म्हटलं. वर्षभर म्हटलं. माझ्या हाकेवर आले ते आज, तुम्ही सांगितलंत म्हणून हाक मारली. ते पाप मी केलं, गावानं नाही. पण त्यांना मी खाऊ कशी? तुम्ही खाल का तुमच्या आजोबांना?"

"तोंड सांभाळ!" कुणीतरी ओरडलं.

"देवासमोर काय बोलते ही बया!" हाओवहिनी म्हणाली. "आणि मागे भरल्या पोटाची सून! एवढीशी तरी दया आहे का हिला?"

हे वर्मी लागलं. दया. थोआनं मागे वळून सुनेकडे बघायचं धाडसच केलं नाही.

फानतात्यांची बशी तशीच हवेत होती. म्हातारा वाईट नव्हता. "थोआ, ऐक. मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही. पण तू नाही म्हणालीस तर नवस तसाच राहील. पुढे काही बरंवाईट झालं तर देवाला बोल लावायचा नाही. आणि जे व्हायचं ते तुझं होणार नाही. तिचं होईल." त्यांनी मागे लुआकडे बोट केलं. "तिला विचार. तिनं हो म्हटलं तर मी बशी खाली ठेवतो."

अख्ख्या देवळानं लुआकडे बघितलं. थोआनं डोळे मिटले. सकाळी लुआनं ज्या तोंडानं विनवलं होतं, ते तोंड थोआला दिसत होतं. ती नाही म्हणेल, आणि मग मला खावं लागेल. मी खाईन. पोरीसाठी खाईन, आणि पुन्हा कधी आरशात बघणार नाही. तिनं बशीकडे हात पुढे केलाच होता.

लुआ तोआनचा खांदा धरून उठली. उठताना तिला दम लागला.

"तात्या, सकाळी मीच त्यांना हाक मारायला लावली," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती. अजूनही वाटतेय." ती रडत होती आणि नाक झग्याच्या बाहीला पुसत होती. "पण उद्या बाळ झालं की ह्याच त्याला भरवणार. ह्याच आवाजात हाक मारणार, चला, जेवायला चला. तेव्हा त्यानं काय करायचं? जायचं की पळून जायचं?"

ती तात्यांकडे वळली.

"त्यांना खायला लावू नका," लुआ म्हणाली. "ठेवा बशी खाली."

तात्यांनी बशी खाली ठेवली नाही. ती ख्वेनं त्यांच्या हातातून घेतली. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "उन्हाळ्यात वारा मी घालायचो," तो जाड्या आवाजात म्हणाला. "दार उघडं टाकून घालायचो, पण घालायचो. भरवणाऱ्या घरातलाच आहे मी." आणि त्यानं फोड तोंडात टाकली. ख्वे म्हणजे जत्रेत पैजेनं खाणारा माणूस. त्या एवढ्याशा तुकड्याला तो चावत राहिला, चावत राहिला. घंटा वाजवणारा हात वर धरून थांबला होता. शेवटी ख्वेनं गिळलं आणि घंटा वाजली. पण ती वाजली एवढंच. दरवर्षीसारख्या आरोळ्या उठल्या नाहीत.

पुढचे दोन महिने त्या घरानं कसे काढले, ते आम्ही कुंपणावरून बघत होतो. विहिरीवर थोआ आली की बायका बादल्या उचलायच्या. लुआला जरा कळ आली, उसण भरली, पाय सुजले, की ख्वे बायकोकडे बघायचा आणि पुन्हा नजर वळवायचा. तो बोलत नव्हता. बोलला असता तर बरं, असं थोआला व्हायचं. ती रोज विहारात जाऊन बसायची आणि काय मागावं ते तिला सुचायचं नाही. मी चुकले असेन तर माझं काय ते कर, एवढंच म्हणायची. तिनं मांसाला मात्र शिवलं नाही. आणि आणखी एक गोष्ट तिची तिलाच उशिरा कळली. तिनं हाका मारणं सोडलं होतं. जेवण झालं की ती ताटं मांडून गप्प उभी राहायची. नवऱ्याला हाक नाही, पोराला नाही, कोंबड्यांनाही नाही. घसा बसलाय म्हणून तिनं खोटं सांगितलं होतं, तो खरोखरच बसल्यासारखा झाला.

लुआ बाळंत झाली ती तालुक्याच्या दवाखान्यात. मुलगी झाली. ठणठणीत. गावात लगेच दोन तट पडले. हाओवहिनीचं म्हणणं, नवस अर्धा फिटला म्हणून मुलगा न होता मुलगी झाली. ख्वे तिला म्हणाला, "मी पाळणा मागितला होता, त्यात कोण झोपावं ते नव्हतं मागितलं." पाळण्याला हात लावायलाही तो कुणाला देत नव्हता. पोरीला घरात सगळे मीत म्हणायला लागले. मीत म्हणजे फणस, इतकी ती गुटगुटीत होती.

मीत रांगायला लागली तेव्हा पुन्हा पावसाळा सरत आला होता. एका दुपारी थोआनं तिच्यासाठी पेज केली, मऊ भात, भोपळा, केळं कुस्करून. वाडग्यात काढली, फुंकर घालून गार केली आणि अंगणाच्या पडवीत बसली. मीत समोरच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी होती. ती उंबऱ्यावर हात टेकून थांबली आणि आजीकडे बघायला लागली.

थोआनं वाडगा दाखवला. हात पसरले. मीत हलेना.

"आई, हाक मारा की," आतून लुआ म्हणाली.

थोआनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लुआ बाहेर आली, सासूच्या हातातल्या वाडग्यात तिनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "भरलेला आहे, आई."

थोआनं पदर... छे, आमच्या बायकांना पदर कुठला, तिनं बाहीनंच डोळे पुसले. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती म्हणाली, "चला मीत. जेवायला चला."

मीत उंबरा ओलांडून आली आणि तिनं वाडग्यात दोन्ही हात घातले.